दुसरं यान

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आई आमच्याकडे इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहायला आली होती, तेव्हा मी तिला एका टीव्ही मालिकेची गोष्ट खोटी सांगितली. एखाददुसरं वाक्य नव्हे, अख्खा शेवटच. ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही बराच काळ वाटायचं, यात काय एवढं.

आई नागपूरची, मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली. इंग्रजी वाचते, पण इथल्या लोकांचं बोलणं तिला कळत नाही. "अर्धे शब्द गिळून राहिले हे लोक," असं तिचं म्हणणं. बायकोची हॉस्पिटलमध्ये संध्याकाळची शिफ्ट असायची, मुलगी वरती तिच्या खोलीत. जेवणं झाली की मी आणि आई सोफ्यावर बसायचो आणि मी मालिका मधे मधे थांबवून तिला मराठीत सांगायचो. आईवडील आले की इथं घरोघरी हे चालतं. पोरगा दुभाष्या होतो. डॉक्टरकडे, दुकानात, टीव्हीसमोर. तो काय गाळतो नि काय घालतो, हे विचारायला कोणी नसतं.

अंतराळातल्या मालिकांचं वेड तसं तिचंच. माझ्या लहानपणी रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. यानात सगळ्या रंगांची माणसं, एका टेबलाशी जेवायची, एकमेकांना हुद्द्यानं हाक मारायची. आई ओल्या हातांनी दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "यात कोणी कोणाचं आडनाव विचारून नाही राहिलं." आमच्या वस्तीत तेवढं पुरे होतं. आमच्या घरात भविष्यकाळ म्हणजे ते टेबल.

पुढे मालिका बदलल्या. आता भविष्य म्हटलं की कुंपणं, पाणी संपलेलं, आणि फाटकावर कागद तपासणारा कोणीतरी. खरं सांगायचं तर मला त्या आवडायच्या. व्हिसाचे नियम कधी बदलतील या धास्तीत दिवस काढणाऱ्या माणसाला, सगळं वाईटच होणार आहे हे टीव्हीनं कबूल केलं की जरा बरं वाटतं. आईला मात्र पटायचं नाही. "एवढं यान उडवता येते, अन् चार माणसांना नीट वागता येत नाही? लिहिणाऱ्यानं आळस केला."

तरी एका मालिकेनं तिला धरून ठेवलं. पृथ्वी राहण्याजोगी उरलेली नाही, एक यान निघतं. त्यात तरुणांनाच जागा. मागे राहणाऱ्या आईबापांना सांगतात, तुमच्यासाठी दुसरं यान येईल. ते येत नाही. बांधायचं ठरलेलंच नसतं.

आई यायच्या आधी मी क्रॉयडनला व्हिसाची कामं करणाऱ्या एका वकीलबाईंकडे जाऊन आलो होतो. आईला कायमचं आणता येईल का, विचारायला. बाईंनी आईची तब्येत विचारली. ती दुसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन चढते, मी जरा अभिमानानंच सांगितलं. "मग विसरा," बाई म्हणाल्या. जिला रोजच्या गोष्टीही स्वतःच्या हातानं करता येत नाहीत, आणि जिची काळजी तिकडे पैसे देऊनही कोणी घेऊ शकत नाही, अशाच आईला इथं आणता येतं. माझी आई त्यात बसत नव्हती. मी ट्रेनमध्ये बसलो आणि घरी कोणाला काही बोललो नाही.

तर त्या मालिकेच्या शेवटच्या भागात आईनं विचारलं, "आलं का रे दुसरं यान?"

पडद्यावर नायिका, जिची आई पृथ्वीवर मागे राहिली होती, नुसती यानाच्या खिडकीशी उभी होती, काही बोलत नव्हती. मी म्हणालो, "आलं ना. तिला आत्ता निरोप आलाय, उतरतंय म्हणून."

"मग रडून काय राहिली ती?"

"आनंदानं."

आईनं चष्मा पुसला. मग अगदी सहज म्हणाली, "अन् माझं?"

"तुझंही होईल. पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो.

सहा महिन्यांचा व्हिसा संपला, ती परत गेली. पुढची काही वर्षं मी "बघू" म्हणत राहिलो. आणि ती, जन्मभर कोणासाठी अडून न राहिलेली बाई, थांबून राहिली. बाथरूमची उखडलेली फरशी बदलली नाही. जायचंच आहे तर कशाला. विहारातल्या बायकांनी मुलींचा संध्याकाळचा वर्ग तिच्याकडे द्यायचं ठरवलं, तर मी मधेच गेले तर पोरींचं नुकसान, म्हणून तिनं नाही म्हटलं. हे सगळं मला फोनवर कळायचं. मी "बरं" म्हणायचो.

या वर्षी एका रविवारी ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "तुझी ती यानाची मालिका इथं हिंदीत आली. भाच्यानं लावून दिली. दोन भाग पाहिले."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मुलगी शेजारीच टोस्ट खात होती. "आजी, एंड बघू नको, तो खूप सॅड आहे," तिनं आपलं सांगून टाकलं.

"सॅड कसा? यान येते ना," आई म्हणाली.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, "तू वर जा जरा." ती ताट घेऊन गेली.

मग मी सांगितलं. यान येत नाही. मी बनवून सांगितलं. तुझंही येणार नव्हतं, आणि ते मला तू यायच्या आधीपासून माहीत होतं.

आईनं चष्मा काढला. तिच्यामागे पंखा फिरत होता.

"मग मी त्या बायांना नाही कशाला म्हटलं?" ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

आठवडाभर माझा फोन तिनं घेतला नाही. मग तिचाच आला. मागे ठोकाठोकीचा आवाज.

"जय भीम. मोठ्यानं बोल, फरशीवाला आला आहे."

"रागावलीस ना?"

"रागावू नको तर काय ओवाळू तुला?" मग आवाज उतरवून म्हणाली, "एक सांगू का? तुझ्याकडे मला करमतच नव्हतं. चार वाजता अंधार, बोलायला माणूस नाही. पण तू एवढं म्हणून राहिला होतास, तर तुला वाईट वाटेल म्हणून मी तयारीत होते."

मी हसलो. तीही हसली. मी तिच्यासाठी खोटं बोलत होतो आणि ती माझ्यासाठी तयारीत बसली होती. त्या दिवशी मी बाहेर पडलो तो चालत थेम्स नदीपर्यंत गेलो. कशासाठी, सांगता येणार नाही. खांदे हलके होते एवढं आठवतं.

आता वर्ग तिच्याकडे आहे. ती मालिकाही तिनं खऱ्या शेवटापर्यंत पाहिली, आणि तिला तो पटला नाही. "मागे राहिलेल्यांचं पुढं काय झालं, दाखवलंच नाही," ती म्हणाली. "मेले असं कोणी म्हटलं? लिहिणारा यानात बसून गेला, त्याला काय माहीत." वर्गातल्या मुलींना तिनं तेच लिहायला दिलंय. एकीच्या गोष्टीत म्हणे विहीर पुन्हा भरते. दुसरीच्या गोष्टीत म्हाताऱ्यांची आपसात भांडणं, आणि निवडणूक.

मी ऐकतो. आता गाळत नाही, घालत नाही.

गेल्या रविवारी तिनं मधेच विचारलं, "मी तिथं येत नाही, ते झालं. तू इथं येशील का? राहायला?"

माझ्या तोंडात "बघू" आलं होतं. ते मी गिळलं. म्हटलं, "मला विचार करू दे, आई. खरं काय ते सांगतो."

"सांग," ती म्हणाली, आणि मुलींनी आणलेल्या बोरांबद्दल बोलू लागली.

तिची थांबण्यात गेलेली वर्षं मला परत देता येणार नाहीत. एक सरळ उत्तर मात्र देता येण्यासारखं आहे, हो किंवा नाही. ते मी अजून दिलेलं नाही.