बुजवलेले पोर्ट

त्या वर्षी लातूरचे नळ कोरडे पडले होते आणि उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. या दोन्ही गोष्टी माझ्या नोकरीच्या मुळावर येतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी एका खासगी कॉम्प्युटर क्लासमध्ये हार्डवेअर शिकवत होते. माहेर नांदेडचं, डिप्लोमाही तिथलाच. लग्न होऊन लातूरला आले आणि ही नोकरी धरली. क्लासचे मालक भुसार व्यापाऱ्याच्या घरातले, कपाळाला भस्म, कडक इस्त्रीचा शर्ट. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी जिन्याखाली फलक लावला होता, ‘नव्या जिल्ह्याची बॅच, प्रवेश सुरू’. जिल्हा झाला की कचेऱ्या येणार, कचेऱ्यांत कॉम्प्युटर येणार आणि ते जोडायला माणसं लागणार, असं ते खेड्यांतून आलेल्या आईबापांना समजावून सांगत. मी एकदा पालकांसमोरच विचारलं, “सर, जिल्ह्याचं नक्की कुणी सांगितलं तुम्हाला?” ते हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर डूख धरला. मीही काही कमी नव्हते. खोटं ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उठते.

मशिनं जुनी होती, पण शिकवायला चांगली. पहिल्याच तासाला मी कॅबिनेट फिरवून त्याची पाठ पोरांसमोर करायचे. मदरबोर्डचे सगळे पोर्ट तिथं एका पट्टीत दिसतात. किबोर्ड-माउसचे गोल, एक जांभळा, एक हिरवा. मॉनिटरचा निळा, बारीक भोकांच्या तीन ओळींचा. नेटवर्कचा टेलिफोनच्या खाचेसारखा, पण रुंद. आवाजाचे तीन रंगीत. आणि चपटे यूएसबीचे, ज्यांत प्रिंटर, पेन ड्राइव्ह, काय वाटेल ते लागतं. “पुढं डोळे मिटून जोडता आलं पाहिजे,” मी म्हणायचे. “कॅबिनेट भिंतीला चिकटलेलं असतं, तिथं मान घालायला जागा नसते.”

हे सगळ्यांत लवकर जमलं ते औशाकडच्या एका मुलीला. ती इथं चौघींबरोबर खोली करून राहायची. घरमालकीण त्यांना खोलीत मोबाईल चार्ज करू देत नसे, वीज जळते म्हणून. म्हणून ती क्लासला आली की मला विचारून मशिनच्या मागच्या यूएसबीला फोन लावायची. मी हो म्हणायचे, कारण तिची अडचण मला माहीत होती. त्यांच्या गावाला टँकर यायचा, पण कधी येईल याचा नेम नसायचा. टँकर चालवायचा तिचा मामेभाऊ. तो भरून निघाला की हिला फोन करायचा आणि ही गावात शेजारणीला कळवायची, कारण आईकडं फोन नव्हता, मग गल्ली घागरी घेऊन उभी राहायची. तो शेजारणीला थेट फोन करत नसे, कारण बांधावरून दोघांचा अबोला होता. तहानेनं जीव चालला तरी अबोला सुटत नाही, अशी आपली माणसं.

एका दुपारी मी प्रात्यक्षिक घेत असताना सर आत आले. कॅबिनेटमागून लोंबणारी वायर त्यांना दिसली. त्यांनी ती हिसडा देऊन उपटली. फोन फरशीवर आपटला.

“हा काय चार्जिंगचा अड्डा हाय का?”

“मी परवानगी दिली होती,” मी म्हणाले.

“मशीन माझं हाय मॅडम, परवानगी बी माझीच लागती.”

मुलीनं फोन उचलला. काच तडकली होती आणि फोन सुरू होत नव्हता. तिनं सरांकडं पाहिलं आणि वही मिटून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा चेहरा रडून सुजलेला. भावानं त्या संध्याकाळी फोन लावून लावून नाद सोडला होता. टँकर वरच्या गल्लीतच रिकामा झाला. तिच्या आईनं दोन कोस चालून एका शेतातल्या विहिरीचं गढूळ पाणी आणलं होतं.

मी ते सरांना सांगायला गेले. वाटलं, माणूस आहे, ओशाळेल तरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बंदोबस्त करतो.”

बंदोबस्त मी पुढच्या दिवशी सकाळी पाहिला. नळाची गळती थांबवायला जो मसाला येतो, दोन रंगांच्या वड्या एकत्र मळून लावायचा, तो त्यांनी प्रत्येक मशिनच्या यूएसबीच्या खाचांत दाबून भरला होता. पुढच्या, मागच्या, सगळ्या. रात्रीतून तो दगडासारखा घट्ट झाला होता. किबोर्ड-माउस गोल पोर्टांत चालायचे, त्यामुळं मशिनं सुरू व्हायची. पण बाहेरून आणलेलं काही त्यांना जोडायची सोय राहिली नव्हती.

“हे काय केलंत?” मी केबिनमध्ये जाऊन विचारलं.

“व्हायरस येत होते. वीज फुकट जात होती.”

“आणि मी शिकवू काय?”

“फळ्यावर चित्र काढा की.”

“हा हार्डवेअरचा क्लास आहे!”

“क्लास माझा हाय. न्हाई पटत तर जिना समोर हाय.”

मी जिन्याकडं गेले नाही, वर्गात गेले. बॅचची परीक्षा तोंडावर आली होती आणि पोरं मला सोडून द्यायची नव्हती. खरं सांगायचं तर त्या माणसाला एवढ्या स्वस्तात जिंकू द्यायचं नव्हतं. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. ते समोरून आले की मी खिडकीबाहेर पाहायचे, ते गल्ल्याच्या खणात काहीतरी शोधायचे.

पण शिकवायला एक तरी पोर्ट हवा होता. मदरबोर्डवर आतल्या बाजूला पिनांच्या दोन बारीक ओळी असतात. त्यांना वायरची पट्टी जोडली की मागं आणखी दोन यूएसबी पोर्ट मिळतात. रविवारी नांदेडला गेले होते, तिथल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून एक जुनी पट्टी आणली. अबोला मोडून मी सरांना चिठ्ठी पाठवली, की नांदेडहून पट्टी आणलीय, एका मशिनला लावते, फक्त शिकवण्यापुरती. उत्तर आलं नाही. मी लावली.

पोरांचा घोळका त्या एका मशिनभोवती जमला. औशाकडची मुलगी पेन ड्राइव्ह लावून सिस्टिम कशी चढवायची ते दुसऱ्यांना दाखवत होती. तेवढ्यात सर आले. हातात कात्री होती, म्हणजे ठरवूनच आले होते. उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालून त्यांनी पट्टीची वायर कापली. मशीन चालू होतं. ते तुकडे माझ्या टेबलावर टाकून म्हणाले, “आणा माहेराहून आणखी.”

मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी खडू घेतला आणि फळ्यावर पोर्टांचं चित्र काढायला लागले. इतकं दाबून काढलं की खडू मोडला. “हां, असं,” ते म्हणाले आणि गेले.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. घामाघूम झालेले, थकलेले गृहस्थ. त्यांनी सरांचा चहा घेतला आणि पहिलं नाव पुकारलं ते नेमकं त्याच मुलीचं.

“हा प्रिंटर जोड.”

तिनं कॅबिनेट फिरवलं. “जोडायला जागा न्हाई, सर.”

परीक्षक वाकले. नखानं मसाला खरवडून पाहिला. “हे कुणी केलं?”

सर पुढं झाले आणि म्हणाले, “आमच्या मॅडमनी. मी लई सांगितलं, ऐकत न्हाईत.”

इतकं सरळ, डोळा न लवता कुणी खोटं बोलेल असं मला वाटलंच नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी बोलली.

“मॅडमनी न्हाई. ह्यांनी केलं. माझा फोन उपटून फोडला, मग हे केलं. त्यापायी आमच्या गल्लीला पाणी न्हाई मिळालं.”

“ए पोरी, हो बाहेर!” सर ओरडले.

“परीक्षा होऊ द्या, मग जाते.”

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. त्यांना परतीची बस गाठायची होती आणि या भांडणात पडायचं नव्हतं. “तोंडी घेऊ सगळ्यांची,” ते म्हणाले. “सांग, प्रिंटर कुठं जोडशील?”

“जिथं मसाला भरलाय तिथं.”

दोघंतिघं हसले. परीक्षकही हसले असावेत, मान खाली होती. त्यांनी तिला पास केलं. ज्यांनी उभ्या जन्मात प्रिंटर जोडला नव्हता, त्यांनाही केलं.

परीक्षक गेल्यावर मी केबिनमध्ये गेले. या वेळी उभ्यानं बोलले नाही, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “मी उद्यापासून येणार नाही. पण हे ऐकून ठेवा. त्या पोरीच्या आईला तुम्ही तहानलेलं ठेवलंत, आणि माझ्या नावावर खोटं खपवलंत. जिल्हा होवो की न होवो, तुमच्याकडून कुणी काही शिकेल असं मला वाटत नाही.”

“बघतो लातुरात कुठं नोकरी मिळती तुम्हाला,” ते म्हणाले.

त्यांनी खरंच बघितलं. दोन क्लासांत मी विचारायला गेले, दोन्हीकडं माझ्याआधी त्यांचा फोन पोचला होता. मग मी घराच्या पुढच्या खोलीतच दुरुस्तीचं काम मांडलं. सासूबाई कुरकुरल्या, काम मात्र येत गेलं. औशाकडची मुलगी गावी गेली आणि पुढं औशात एका मोबाईलच्या दुकानात लागली. जिल्हा झाला नाही. जिन्याखालच्या फलकावर दुसऱ्याच कसल्या तरी बॅचचं नाव आलं.

बऱ्याच वर्षांनी नांदेडला एका लग्नात सर दिसले. माझ्या नवऱ्याशी हात मिळवून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “मॅडम हुशार होत्या. फक्त तोंड आवरत नव्हतं.”

“अजून आवरत नाही,” मी म्हणाले. आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना विचारलं, “त्या पोरीच्या फोडलेल्या फोनची भरपाई दिलीत का कधी?”

त्यांनी ताटातली जिलेबी मोडली आणि माझ्या नवऱ्याला पावसापाण्याचं विचारायला लागले.