हातावरचं दही

पालमच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून व्यंकटी टेलरचं. मधली भिंत पत्र्याची. त्यामुळं त्यांच्या मशीनचा आवाज गेली चौदा वर्षं माझ्या कानात बसलेला आहे. टेलर म्हणजे दिवाळीचा कपडा संक्रांतीला देणारा माणूस, हा आपला सगळ्यांचा अनुभव. व्यंकटीमामा मात्र दिलेला वार पाळायचे. शनिवार म्हणाले की शनिवारी सकाळी काजं-बटनं होऊन, इस्त्री मारून कपडा तयार. गिऱ्हाईक सोमवारी उगवलं तर त्यालाच झापायचे. मी म्हणायचो, मामा, तुमच्यामुळं टेलर लोकांची बदनामी व्हायलीय. ते नुसते चष्म्यावरून बघायचे.

गेल्या वर्षी त्यांनी एक वार दिला आणि तो त्यांच्याच हातानं मोडला. त्यानंतरचे व्यंकटीमामा वेगळे आहेत. मला आधीचे माहीत आहेत म्हणून लिहायला बसलो.

त्यांची नात सृष्टी तेव्हा सहा वर्षांची होती. मुलगा गोपीचंद पुण्याला कंपनीत, सून सविता आणि नात इथं. सृष्टीला ऑटिझम आहे. बोलते मोजकं, डोळ्याला डोळा देत नाही, अंगाला कुणी हात लावलेला खपत नाही. पूर्वी नवा फ्रॉक घातला की ओरबाडून काढायची. घरच्यांना तो हट्ट वाटायचा. मामांनी एक दिवस तो फ्रॉक उलटा करून पाहिला, तर मानेशी कंपनीचं लेबल टोचत होतं. त्या दिवसापासून तिच्या सगळ्या कपड्यांची लेबलं गेली आणि शिवणी बाहेरून आल्या. दिवसभर ती मशीनच्या बाजूला निळ्या स्टुलावर बसायची, पायडल खालीवर होताना बघत. घरात एका माणसापुढं ती आपण होऊन हात पसरायची, ते म्हणजे आजोबा.

श्रावणात तिनं स्वतःच्याच गालावर चापट्या मारायला सुरुवात केली. जेवण सुटलं. गल्लीनं सल्ले दिले, कुणी लिंबू उतरवून टाकलं. मीही शहाणपणानं म्हणालो होतो की लाडानं बिघडलीय. दोन महिने असे गेले. शेवटी ती झोपलेली असताना सवितानं मोबाईलच्या उजेडात तोंडात पाहिलं तर मागच्या दोन दाढा काळ्याठिक्कर. लेकरू दुखतंय म्हणून सांगत होतं आणि आम्ही लिंबं उतरवत होतो. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

दाढा काढायच्या तर ती तोंड उघडणार नाही, म्हणून पूर्ण भूल द्यायची ठरली. परभणीत दातांच्या एक डॉक्टरबाई भेटल्या, फार समजूतदार. त्या म्हणाल्या, हिला फसवून आणू नका. जत्रेला चाललो, मामाच्या गावाला चाललो असलं काही सांगू नका. जे होणार आहे तेच, त्याच क्रमानं, रोज दाखवा. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर दवाखान्याचे फोटो काढून दिले आणि तोंडावर लावायचा एक मास्कही घरी दिला. सोबत सूचनांचा कागद.

फोटो छापायचं काम माझ्याकडं आलं. आठ कार्डं केली, लॅमिनेशन करून, कोपरे गोल कापून. दवाखान्याचं गेट, जिना, हिरवे कपडे, खाट, मास्क, डोळे मिटलेली बाहुली, डोळे उघडलेली बाहुली, आणि शेवटी घर. घर म्हणून सवितानं घराचा फोटो दाखवला तर सृष्टीनं तो बाजूला सारला. मग निळ्या स्टुलाचा फोटो काढला. तो चालला.

पुढचे बावीस दिवस मामांनी गिऱ्हाईकांची कामं मागं टाकली. हिरवं सुती कापड आणून आधी सृष्टीचा गाऊन शिवला, मग तिला हिरव्याची सवय व्हावी म्हणून टोप्या. सविताला, स्वतःला, मला, समोरच्या किराणावाल्या मुंजाजीला. ते बावीस दिवस आमची निम्मी लाईन ऑपरेशनला निघाल्यासारखी हिरव्या टोप्या घालून धंदा करत होती. लोक हसायचे. मुंजाजी म्हणायचा, माझ्याकडं साखर घ्यायला आलेले लोक बीपी तपासायला हात पुढं करायलेत.

मास्कची सवय लावायची मामांची रीत वेगळीच होती. सृष्टीला मांडीशी टेकवून ते मास्क हलकेच तिच्या तोंडाशी धरायचे आणि रिकामं पायडल दहा वेळा मारायचे. दहा झाले की मास्क बाजूला. आधी ती झटकायची. आठव्या दिवशी तिनं स्वतःच मास्क धरला. पंधराव्या दिवशी ती कार्डं ओळीनं मांडून, मास्क लावून, पायडलची वाट बघत बसलेली मी या डोळ्यांनी पाहिली. मामा पत्र्यावर थाप मारून मला म्हणाले, "मंगळवारी होतंय बघ सिद्धोधन. मंगळवार म्हंजे मंगळवार."

मंगळवारी पहाटे जीप दारात आली. सविता पिशव्या ठेवत होती. मामांनी सृष्टीला गाऊन घातला, देवाला हात जोडायला लावले आणि उंबऱ्यापाशी उभं केलं. महत्त्वाच्या कामाला घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही त्यांच्या घरची रीत. आधी ते त्यांची बायको दगडाबाई करायची. ती गेल्यापासून मामा करत. गोपीचंदच्या परीक्षेला, सविताच्या मुलाखतीला, कुणी निघालं की वाटी घेऊन उभे. त्या दिवशीही हात आपोआप शिंकाळ्याकडं गेला.

सृष्टीनं तळहातावरचं दही चाटलं आणि हात परत पुढं केला. दोन-तीन महिने ज्या लेकरानं धड घास खाल्ला नव्हता, ते मागत होतं. मामांनी अजून एक चमचा दिला. मग अजून एक. त्यांना किती आनंद झाला असेल याची मला कल्पना आहे. मध्यरात्रीनंतर काही खायला द्यायचं नाही, हे कागदावर होतं, सवितानं चारदा वाचून दाखवलं होतं. पण मामांच्या डोक्यात खाणं म्हणजे भाकरी, भात, दूध. हातावरचं दही हे खाणं नव्हतंच, ते निघणं होतं.

पुढचं सवितानं सांगितलं. दवाखान्यात सगळं कार्डाबरहुकूम झालं. डॉक्टरबाईंनी पहिला नंबर ठेवला होता, खोलीत गर्दी नव्हती, आई आणि आजोबा दोघांनाही आत घेतलं होतं. सृष्टी खाटेवर चढली. मास्क तिनं नर्सच्या हातातून घेतला आणि स्वतःच तोंडावर धरून आडवी झाली. मग मान वळवून तिनं मामांच्या पायाकडं पाहिलं. मामा फरशीवर पाय आपटू लागले, पायडलसारखा.

तेवढ्यात भुलीच्या डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचारलं, सकाळपासून पोटात काही नाही ना. सविता नाही म्हणाली. मामांचा पाय थांबला.

"म्या दही दिलं," ते म्हणाले. "हातावर. तीन चमचे."

पोटात काही असलं तर भुलीत ते वर येऊन फुफ्फुसात जातं, लेकरू हातचं जाऊ शकतं, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. थांबायचं तर सहा तास, आणि त्यांना दुपारी दुसऱ्या गावी जायचं होतं. ते महिन्यातून दोन मंगळवारी यायचे. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. सविताही तिथं काही बोलली नाही. मामा म्हणतात, कुणीतरी कानाखाली मारायला पायजे होती.

सृष्टी खाटेवरून उतरेना. डोळे मिटलेल्या बाहुलीचं सहावं कार्ड राहिलं होतं. तिनं डोळे गच्च मिटले, मास्क तसाच धरला आणि वाट बघत पडून राहिली. डोळे किलकिले करून मामांच्या पायाकडं बघायची, पुन्हा मिटायची. अर्ध्या तासानं सवितानं तिला उचललं तेव्हा तिनं किंकाळी फोडली आणि आईच्या दंडाला चावली. जिन्यात सगळी कार्डं विखुरली.

त्यानंतर तिनं मास्कला हात लावला नाही. हिरवी टोपी दिसली की नालीत. आणि भुलीच्या डॉक्टरांच्या पुढच्या मंगळवारची वाट दाढेनं पाहिली नाही. अकराव्या दिवशी गाल सुजून डोळा झाकला, अंग तापलं. भरदुपारी जीप करून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं पहिला नंबर नव्हता, कार्डं नव्हती. चार माणसांनी धरून तिला भूल दिली. पाय धरायला माणूस कमी पडत होता, म्हणून मामांना बोलावलं. दोन्ही हातांनी नातीचे पाय दाबून धरलेले, म्हणून ते तोंडानंच टप टप टप करत राहिले. तिच्या ओरडण्यात ते कुणाला ऐकू जाणार?

ऑपरेशन नीट झालं. सूज उतरली, सृष्टी आता भाकरी खाते, गालावर मारत नाही. गोपीचंद फोनवर म्हणाला, झालं गेलं सोडा. सविता म्हणाली, मामा, तुमी सांगितलं म्हणून लेकरू वाचलं. मलाही तसंच वाटतं. अशा वेळी गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत. पण मामा ते जमेलाच धरत नाहीत. मलाही एक गोष्ट खाते. आठ कार्डं मी केली, काही खायला द्यायचं नाही असं एखादं नववं उंबऱ्यावर लावायला केलं असतं तर. लेकराची तयारी बावीस दिवस झाली, मोठ्यांची कुणाला सुचलीच नाही.

निळं स्टूल रिकामं राहिलं. मशीन सुरू झालं की सृष्टी कान झाकून बाहेर जायची, मामा जवळ आले की दोन्ही हात पाठीमागं. मामांनी ती जवळपास नसेल तेव्हाच मशीन चालवायचं ठरवलं. कामं तुंबली. गिऱ्हाईकानं कधी येऊ विचारलं तर आता म्हणतात, या एकदा, झालं असलं तर देतो. मी त्यावरून चेष्टा करत नाही.

या जूनमध्ये तिला पहिलीच्या वर्गात बसवलं. पहिल्या दिवशी दुपार झाली तरी शेजारी मशीन सुरू होईना, म्हणून मी डोकावलो. मामा दोऱ्याचं रीळ हातात घेऊन बसले होते. मी विचारलं, गेली का शाळेत.

"गेली. निघताना उंबऱ्यापाशी आपल्या आपण थांबली रे. माझ्याकडं हात पुढं केला."

आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हणालो, मग चांगलं झालं की मामा.

"दह्याची वाटी तितंच होती. सवितानं काढून ठिवली होती. लेकरू हात पसरून उभं, आन् माझा हातच उठंना." त्यांनी रीळ खाली ठेवलं. "लय येळ उभी राहिली. मग मिटला तिनं हात आन् गेली."

मी निळ्या स्टुलावर बसणार होतो, पण बसलो नाही. शाळा सुटायला अजून दोन तास होते. मामांनी मशीनला दोरा ओवला आणि पायडल न मारता तसेच बसून राहिले.