आखणीच्या आधीची गोळी

ताईचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला होतो. "ह्यांना वडखळजवळ ट्रकनं उडवलं... तू ये." पुढचं तिला बोलवलं नाही, मला विचारवलं नाही.

त्याला आता महिना होऊन गेला. अनंत दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान, पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे. शोकसभेत जो तो त्यांच्या हाताबद्दल बोलला. मला त्यांच्या जिभेबद्दल लिहायचं आहे, कारण बहिणीचा संसार त्या जिभेनं राखला.

लग्नाला काही वर्षं झाली आणि दाजी मंदावले. भर मे महिन्यात अंगावर चादर, तोंड सुजलेलं, आवाज जड. मूल नव्हतं आणि त्याचं खापर अर्थातच ताईवर फुटत होतं. सासूनं तिला देवळं पालथी घालायला लावली. आतली गोष्ट निराळी होती. दाजींची इच्छाच मेली होती, ते तिच्याजवळ जात नव्हते. आपण नकोशा झालो असं धरून ती बॅग भरून आमच्याकडे, रोह्याजवळच्या अष्टमी गावी आली. आई "काय झालं गो?" विचारून थकली.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. चहाला हात न लावता मला कुंडलिका नदीच्या पुलावर घेऊन गेले.

"महेश, तिचा काय दोष नाय. माझ्यातच काय तरी बिघडलंय. एक जण ताकदीचं इंजेक्शन देतो म्हणतोय. घेऊ?"

मी त्यांना तडक डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला: थायरॉईड फार कमी, टेस्टोस्टेरॉनही खाली. "थायरॉईड तर बायकांना होतो ना?" दाजींनी विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुरुषांनाही होतो. थायरॉईड कमी पडलं की पुरुषी हार्मोनही घसरू शकतं. रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी घ्या, बाकीचं बहुतेक त्यानं सावरेल. ते इंजेक्शन नको, मूल हवं असेल तर मुळीच नको."

काही महिन्यांत दाजी माणसात आले. ताई परत नांदायला गेली. मग गणपतीचा सीझन लागला आणि सगळं पुन्हा मूळपदावर... तीच सूज, तीच चादर, तोच अबोला. गोळी चालू होती, निदान आम्हाला तसं वाटत होतं. शेवटी ताईनंच छडा लावला. दाजींच्या वडिलांची शिस्त होती, सकाळची आखणी निर्जळी करायची. पाणी नाही म्हणून गोळी नाही, आणि दुपारी जेवल्यावर ती आठवायची कोणाला? असे कितीतरी आठवडे गेले होते. ताईनं ओरडा केला नाही. "गोळी घ्या, नायतर मला अष्टमीला सोडा," एवढंच म्हणाली.

पुढचं मला कारखान्याच्या मालकांनी सांगितलं. सकाळी दाजी मूर्तीसमोर बसले आणि सगळ्यांदेखत पाण्याबरोबर गोळी घेतली.

"अनंता, आज निर्जळी नाय?" कोणीतरी विचारलं.

"नाय. थायरॉईड हाय मला. त्यानं माझं पुरुषपण उतरलं होतं. खोट माझ्या रक्तात होती, सुनंदाची नव्हती. घरी जाऊन आपापल्या आयांना सांगा."

आणि त्यांनी ब्रश उचलला. संध्याकाळपर्यंत ही बातमी अर्ध्या पेणला कळली होती. घर सावरलं. मूल मात्र झालं नाही, पण त्यावरून ताईला बोलायची पुन्हा कोणाची छाती झाली नाही. कारखान्यातली दोन माणसं दाजींना बाजूला घेऊन डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारून गेली. दाजी त्यांनाही मोठ्यानंच सांगायचे, याचं मला आजही हसू येतं आणि भरूनही येतं.

दहाव्याला त्यांच्या काकांनी मला गाठलं. "पेपरात लिही, पण त्या आजाराचं नको. गेलेल्या माणसाची अब्रू असते." ताई आतून बाहेर आली.

"तेच पहिलं लिही, महेश. ह्यांनी ती खोट झाकून ठेवली असती ना, तर मी ह्या घरात परत आलेच नसते."