एका ओळीत सापडलेली बटणं

मार्टिन आरशासमोर उभा होता आणि मी त्याच्या अंगावरच्या कोटाला शेवटचं बटण शिवत होते. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या अल्टरेशनच्या दुकानात असं करत नाही. कपडा टेबलावर घ्यायचा, मग सुई. पण त्याला न्यायला आलेली गाडी बाहेर थांबली होती. मालकीण नीलिमा म्हणाली, "काकू, तसेच घाला ना दोन टाके."

"अंगावरचं शिवू नये. मढ्याचं शिवतात."

"त्याला कुठे मराठी येतं?"

शिवलं.

बटणं मार्टिननेच जमवलेली. शेतकऱ्याला विचारून तो मेटल डिटेक्टर घेऊन शेतात हिंडायचा. राजा आणि पार्लमेंटच्या जुन्या सिव्हिल वॉरमधल्या सैनिकांची बटणं, असं सांगायचा. करडी, जड, मागे दोरा ओवायची कडी. ही सहा एकाच जागी, एका ओळीत सापडलेली. हाडं नव्हती म्हणे. माती खाते.

तेव्हाचे पोशाख घालून जुन्या लढाया पुन्हा लढायच्या खेळासाठी शिवलेला तो लाल कोट घालून मार्टिन निघाला आणि दारातूनच वळला. "जरा टाइट होतोय, लव." तो सगळ्यांनाच लव म्हणायचा. "उघड."

मी वरचं बटण काढलं. दुसरं काढलं. बघते तर वरचं लागलेलं. ते पुन्हा काढलं, तर दुसरं लागलं.

"काकू, चष्मा बदला," नीलिमा म्हणाली. मग तिने स्वतः करून पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

मार्टिनचे ओठ निळे पडले. कोट मी सैल शिवला होता. आता आत बोट जाईना. तो श्वास सोडायचा तेव्हा कापड फुगायचं. तो घ्यायला गेला की आवळायचं.

"अँब्युलन्सला फोन कर!"

"करतेय! तुम्ही कापा, काकू!"

अनपिकर घेतलं. टाके उसवायचं छोटं पातं असतं ते. बटणं काढायच्या भानगडीत न पडता दोरेच कापले. पाच बटणं खाली पडली. सहाव्याचा दोरा तुटला, तरी बटण सुटेना. आतून कुणीतरी धरलं होतं. मी एक सणसणीत शिवी हासडली. सुटलं.

मार्टिन जमिनीवर बसून धापा टाकत राहिला. अँब्युलन्सवाली म्हणाली, पॅनिक अटॅक. असेल. तिने कोट पाहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो कोट घेऊन आला. बटणं परत पुरली म्हणाला.

"आता काय लावणार?" त्याने विचारलं.

"झिप," मी म्हटलं. "अडकली तर कुठे अडकली ते दिसतं."