अक्काच्या अंगणात, वेबकॅमवर चंद्र

निघायच्या आधी मी पिशवी पुन्हा उघडली. वेबकॅमची डबी, वायर, लॅपटॉप, चार्जर, रबरी फुंकणी. सगळं होतं. तरी वाटत होतं की काहीतरी राहिलंय. बायको दारातूनच म्हणाली, "आता आणखी उघडली तर बस जाईल. मंग आपल्याच गच्चीवर बघत बसा चंद्र."

परतूरहून कुंभार पिंपळगाव म्हणजे काही लांबचा प्रवास नाही. पण मांडीवर दुर्बीण असली की प्रत्येक खड्डा मोठा वाटतो.

कुंभार पिंपळगावला माझी थोरली बहीण असते, अक्का. तिला काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याला थोडं दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. गेल्या दिवाळीनंतर मी तिला चंद्र दाखवायला दुर्बीण घेऊन गेलो होतो. तिची मान वाकत नाही. सुनेनं आणि मी मिळून तिला धरलं, कसाबसा डोळा काचेला लावला. "दिसला बापू, लई भारी," म्हणाली. मी खूश झालो. नंतर माझा डोळा लावला तर आत नुसता काळोख. आमच्या खटपटीत चंद्र केव्हाच पुढे सरकून गेला होता. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही, तिला हातानंच चंद्रामागे फिरवावं लागतं. अक्काला काहीच दिसलं नव्हतं, माझं मन राखायला ती तसं म्हणाली होती. मी बोललो नाही, पण ते वर्षभर डोक्यात राहिलं. चंद्र बघायच्या आधीच हिची उरलेली नजर गेली तर?

म्हणून ठरवलं, डोळा दुर्बिणीकडे नेता येत नसेल तर चंद्र पडद्यावर आणायचा.

तुम्हाला करायचं असेल तर सांगतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. इंटरनेटवरच्या इंग्रजी सूचना नातीनं फोनवर वाचून सांगितल्या. नातीच्या ऑनलाइन शाळेचा वेबकॅम पडून होता, तो उघडला. पुढचं बारीक भिंग फिरवून काढलं. आत नखाएवढा चौकोनी सेन्सर दिसतो, त्याला बोट लावायचं नाही. आता हा दुर्बिणीला बसवायचा कसा? परतूरच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. माळ्यावर फिल्मच्या रोलच्या रिकाम्या डब्या अजून पडून आहेत. ती डबी दुर्बिणीच्या नळीत बराबर बसते. बूड कापून तिथे वेबकॅम चिकटवला. डबीचंच झाकण धूळ अडवायला ठेवलं.

दिवस शुद्ध अष्टमीचा धरला. पौर्णिमेला चंद्र सपाट दिसतो. अर्ध्या चंद्रावर सावल्या पडतात, त्यानं खड्डे उठून दिसतात. शिवाय अंधार पडतो तेव्हा तो वर असतो, म्हाताऱ्या माणसांना जागावं लागत नाही.

घनसावंगीपर्यंत बस मिळाली. स्टँडवर चहा घेतला, चांगला कडक होता. पुढे जीप. भरल्याशिवाय ती हलत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवा, आणि बाजाराचा दिवस टाळा. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे जीप रांगत होती. मी गोधडीत गुंडाळलेली नळी छातीशी धरून बसलो होतो. शेजारच्या माणसानं बराच वेळ बघून विचारलं, "बाबा, बोअरची मोटर हाय का?" मी सांगितलं, दुर्बीण आहे, चंद्र बघायची. तो म्हणाला, "मंग संभाळून. मोटर जळली तर भरून मिळती, चंद्राचं काय?" त्यानंतर मला घाम फुटला तो गाव येईपर्यंत.

अक्काच्या सुनेनं, सुनंदानं, भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. प्रवासात काही खाल्लं नव्हतं, पोटभर जेवलो. दुपार कलल्यावर अंगणात तिवईवर दुर्बीण मांडली. प्रवासात धूळ गेली असेल या काळजीनं मी डबीचं झाकण काढून बघितलं. आत स्वच्छ होतं. डबी दुर्बिणीशेजारी ठेवली आणि लॅपटॉपची वायर लावायला घरात गेलो.

परत आलो तर सुनंदा ताट घेऊन उभी. नवीन वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावायचं, ही इथली रीत. मागच्या वर्षी दुर्बिणीला लावलं होतं. "दुर्बीण जुनी झाली मामा, ही डबी नवी हाय ना," ती म्हणाली. डबीच्या काठावर हळदीचं ओलं बोट, त्यावर कुंकू. आणि डबीचं तोंड उघडं.

झाकण मीच लावलं नव्हतं, तिला काय बोलणार? फुंकणीनं फुंकलं. बरंच कुंकू उडालं. दोन-चार कण चिकटून बसले. कापूस लावायची छाती झाली नाही, सेन्सर ओरखडला तर सगळंच संपलं.

दिवे लागले तेव्हा चंद्र डोक्यावर होता. आधी साध्या भिंगातून धरला, मग भिंग काढून डबी बसवली. पडदा दुधासारखा पांढरा. घाबरू नका, वेबकॅम आपोआप उजेड वाढवतो, ते बंद करून उजेड कमी करायचा. मग नळी थोडी थोडी आत घेतली आणि एकदम खड्डे उमटले, कडा, सावल्या. अख्खा मावत नाही, अर्ध्या चंद्राचाही एक तुकडाच मावतो. आणि त्यावर ते कुंकवाचे ठिपके, काळे, फुगलेले. मला वाटलं, हा प्रवासही फुकट गेला.

सुनंदानं अक्काला खुर्चीत बसवलं, लॅपटॉप चांगल्या डोळ्याजवळ धरला. मी हातानं दुर्बीण पुढे सरकवत होतो. अक्का पडद्याला नाक लावून बघत होती. आता ही "लई भारी" म्हणणार, आणि मला कळणार नाही खरं की खोटं, या विचारात मी तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. दुर्बीण सरकवायची राहून गेली.

"बापू," अक्का म्हणाली, "चंद्र सरकून राह्यला की रे."

"हो अक्का. थांब, धरतो."

"अन् हे काळे ठिपके जागचे हालंनात. हे चंद्राचे न्हाईत. तुझ्या काचेत कचरा हाय."

सुनंदानं जीभ चावली. मी म्हणालो, कचरा नाही, तुझ्या सुनेचं कुंकू आहे. अक्का हसली, हसताना तिला ठसका लागला. पाणी पिऊन ती हळूच म्हणाली, "मागल्या साली नुसता अंधार व्हता. एवढं वझं घेऊन आल्तास तू. काय सांगू मंग?"

मी म्हणालो, मला माहीत होतं. "मंग वर्षभर बोलला का न्हाईस?" म्हणून तिनं मलाच झापलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळली. एका खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. सुनंदाचा हात दुखायला लागला, तेव्हा पाट आणून त्यावर लॅपटॉप ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतूरला पोचलो. बायकोनं दारातच विचारलं, दिसला का त्यांना? मी म्हणालो, दिसला, चुका काढल्या तिनं.

झाकण मात्र विसरू नका. सेन्सर मी नंतर चष्म्याच्या दुकानदाराकडून नीट साफ करून घेतला. खाली दिलेला फोटो त्या संध्याकाळचा आहे. नात म्हणाली, आबा, हे डाग मी कॉम्प्युटरवर पुसून देते. लोकांच्या फोटोवरचे डाग बारीक ब्रशनं घालवण्यात माझी उमर गेली. तरी तिला म्हणालो, हे राहू दे, हे अक्कानं बघितलेत.