सील न फोडलेला संच

हे बायकोला माहीत नाही, आमच्या सिनेमावाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर कोणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जे ओळखतात त्यांच्यासमोर माझं तोंड फार मोठं आहे.

मी धुळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पण माझी खरी ओळख ‘नामा बावळट’चा जाणकार म्हणून. आमच्या अहिराणीतले विनोदी सिनेमे, चार भाग, लग्नाच्या कॅमेऱ्यावर भडगावकडे काढलेले. हसून हसून पोट दुखायचं. पण निर्मात्याने पुढे काय केलं? आधी सीडी काढली. मग तेच डीव्हीडीवर. मग ‘सुवर्ण संच’ — म्हणजे तेच, पिवळ्या खोक्यात. मग कलाकारांच्या सह्यांचा संच, सह्या छापलेल्या! जुनीच गोधडी, नवी खोळ. आणि आमचे येडे रसिक दरवेळी ती घ्यायचे, वर खोक्यासोबत फोटो काढायचे. मला या लोकांची किळस यायची.

घ्यायचो मीही — पण सील फोडायचो नाही. प्लास्टिकसकट कपाटात उभा करायचा आणि ग्रुपवर लिहायचं, ‘न बघताच सांगतो, तेच आहे.’ लोक टाळ्यांची चित्रं टाकायचे. न बघता मत देणं हीच माझी हुशारी ठरली होती. आहे की नाही गंमत?

गेल्या वर्षी पेनड्राइव्हवरचा संच आला. ‘पूर्वी कापलेल्या प्रसंगांसह’ असं वर छापलेलं. मी तो नेहमीसारखा कपाटात ठेवला आणि नेहमीसारखी ग्रुपवर पिंक टाकली.

मग भडगावहून संजूचा फोन आला. लांबच्या नात्यातला. त्याची आई, वत्सलाअक्का, कितीतरी वर्षं सांगत होती की दुसऱ्या भागात तिने काम केलंय — गिरणा नदीच्या पात्रात झाडू घेऊन नामाच्या मागे धावली, शिव्यासुद्धा मनानेच दिल्या. सिनेमा आला, तर त्यात ती नाहीच. सीडीत मावेना म्हणून कापलं असणार; पण गल्लीला हे कोण समजावणार? गल्लीने तिचं नाव ‘हिरोईन’ पाडलं. नळावर, गिरणीत, लग्नात ती दिसली की — हिरोईन उनी, सरका! सुना तोंडाला पदर लावून हसायच्या.

‘भाऊ, नवा संचमा मनी माय शे का? शे व्हई ते लई लिसू.’

खोकं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. नखाने फाटेल एवढं प्लास्टिक. मी म्हणालो, ‘पूर्ण पाहिलाय मी, संजू. तुझी आई नाही त्यात. पैसे फुकट घालू नको.’

पाहिलाय — हाच शब्द. का म्हणालो? कारण अशा भाबड्या माणसांमुळेच त्या निर्मात्याचं फावतं, असं मला वाटलं. तो त्याच्या आईबद्दल विचारत होता, आणि मला त्यात आणखी एक गिऱ्हाईक दिसलं.

चार महिन्यांनी दुकानात एक पेनड्राइव्ह कमी पडला. म्हटलं, त्या संचातला पुसून वापरू, तेवढाच कामाला येईल. सील फोडलं. पुसण्याआधी सहज दुसरा भाग लावला — आणि गिरणेच्या वाळूत अक्का! लुगडं खोचलेलं, झाडू उगारलेला, आणि शिव्या अशा की मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. चारही भागांत तितकं चांगलं काही नाही. मी तो प्रसंग तीनदा पाहिला.

मग फोन केला का संजूला? नाही. केला असता तर ‘पाहिलाय’ हे खोटं होतं, असं कबूल करावं लागलं असतं. संजूकडून ते फिरत फिरत ग्रुपपर्यंत पोचलं असतं, आणि ज्यांना मी इतकी वर्षं मूर्ख म्हटलं ते सगळे शहाणे ठरले असते. संच तोवर संपलेही होते, आणि ज्यांनी घेतले ते अक्काला ओळखत नव्हते. म्हणजे कोणाला काही कळणार नव्हतं. त्याचं मला बरं वाटलं — हेही सांगून टाकतो.

मागच्या महिन्यात भडगावला लग्नाला गेलो. पेनड्राइव्ह खिशात नेला होता, देऊन टाकू म्हणून. अक्काच चहा घेऊन समोर आली. मला पाहून ओशाळली.

‘तू म्हनस तेच खरं, भाऊ. माले सपनच पडनं व्हई. इतला वरीस उगाच बठ्ठासले सांगं मी.’

ज्या सगळ्यांना ती सांगत आली होती, त्यांतल्याच बायका आजूबाजूला ऐकत होत्या. मी कप उचलला आणि म्हणालो, ‘होतं अक्का असं, वय झालं की.’

तिने मान हलवली आणि ट्रे घेऊन पुढच्या पाहुण्याकडे गेली. पेनड्राइव्ह मी परत धुळ्याला आणला. संजू सांगतो, आता कोणी चिडवलंच तर ती स्वतःच हसून म्हणते — मी नव्हतेच त्यात.