चार बोटं कमी पडलेलं मडगार्ड

गौरीचा फोन आला तेव्हा मी त्सुकुबाहून टोकियोला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत उभा होतो. इथे डब्यात कोणी फोनवर बोलत नाही. अठरा वर्षांत मीही कधी बोललो नाही. फोन हातात थरथरत राहिला, पडद्यावर तिचं नाव दिसत राहिलं आणि मी दार उघडण्याची वाट बघत राहिलो. पुढच्या स्टेशनवर उतरून तिला फोन लावला. "समीर गेला," ती म्हणाली. "पाच वाजता. तुम्ही या सावकाश, घाई करू नका. नेमोतो-सान पहाटेपासून इथेच आहेत." फलाटावरच्या बाकावर बसलो. माझा सर्वांत जुना मित्र गेल्याचं कळून एक मिनिटही झालं नव्हतं, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की त्यांना माझ्याआधी बोलावलं... या विचाराची लाज वाटायलाही थोडा वेळ लागला. दोन महिने होत आले. समीरबद्दल लिहायचं तर त्या बाकापासूनच सुरुवात करायला हवी, कारण त्याच्याबद्दल मला जे सांगायचं आहे त्यात माझ्या मत्सराचा वाटा मोठा आहे.

पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. मी वाचायचो, तो उघडायचा. माझा टेबललॅम्प, रेक्टरांची स्कूटर, मेसमधला मिक्सर, जे हाती लागेल ते. यंत्रांपेक्षा मला भाषेत जास्त रस वाटू लागला, मी जपानी शिकलो आणि पेटंटांचे अनुवाद करायला इथे आलो. बारा वर्षांनी त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेला उपकरणं सांभाळणारा माणूस हवा होता, ती जाहिरात मीच त्याला पाठवली. विमानतळावर त्याला घ्यायला गेलो तेव्हा या देशात मी त्याचा हात धरून त्याला चालवणार, असं मला वाटलं होतं. कचऱ्याच्या कोणत्या पिशव्या कोणत्या वारी बाहेर ठेवायच्या, वॉर्ड ऑफिसात कोणता फॉर्म भरायचा, हे मी त्याला वहीत लिहून दिलं. ती वही त्याने बायकोला, गौरीला दिली आणि आपण शेजारच्या गल्लीत फिरायला गेला. परत आला तो हातात मुळ्यांची जुडी घेऊन. कोणी दिली विचारलं, तर म्हणाला, "एक म्हातारा आहे. बंद पडलेलं गॅरेज आहे त्याचं. आत काय हत्यारं आहेत अभ्या, तू बघशील तर..."

ते नेमोतो-सान. चाळीस वर्षं गाड्यांचं पत्रेकाम केलेला माणूस, बायको वारलेली, दुकान बंद, पण शटर मात्र रोज सकाळी वर. समीरला तेव्हा वीसएक जपानी शब्द येत असतील. 'हे', 'ते', 'नको', 'छान', एवढ्या भांडवलावर त्याने त्या माणसाशी सहा वर्षं मैत्री केली. मी या भाषेची सर्वांत वरची परीक्षा उत्तीर्ण झालेला, तिच्यात नम्रतेच्या किती पायऱ्या असतात ते ठाऊक असलेला. पण मला न विचारता जाता यावं असं एकही जपानी घर नव्हतं. सगळीकडे मी देशपांडे-सान. त्या गॅरेजातही. समीरला मात्र पहिल्या सहा महिन्यांतच नेमोतो-सान नुसतं 'सामीरु' म्हणू लागले. इथे नावापुढचं आदराचं 'सान' गळून पडणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. समीरला तर ते गळलेलंही कळलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असं होय? मला वाटलं, विसरतो बिचारा."

गाडीची कल्पना दोघांपैकी कोणाची, हे शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवत. अमेरिकेत ज्यांना हॉट रॉड म्हणतात त्यातली गाडी: जुन्या काळच्या मोटारीसारखं लांब नाक, छप्पर नाही, दोनच माणसांची जागा आणि पुढची चाकं अंगाबाहेर, उघडी. चासी आणि फायबरची बॉडी खोक्यांतून आली. इंजिन नेमोतो-सानांच्या ओळखीतल्या एका भंगारवाल्याकडून. बाकीचं सगळं त्या दोघांनी दोन वर्षांच्या रविवारी जमवलं. अशी गाडी घरी बांधायला कोणी अडवत नाही. पण ती रस्त्यावर आणायची तर नकाशे, वजनं, प्रत्येक जोडाच्या ताकदीचं गणित, सगळं आधी कागदावर द्यावं लागतं. ते कागद मंजूर झाले की मग गाडी तपासणीला न्यायची. हा कागदांचा भाग माझा. "नियम तू वाच," समीर म्हणाला. "जिथे आम्ही अडकू तिथे लाल चिठ्ठी लाव. तू नुसता वाच रे बाबा, आम्ही ठोकतो."

मला ते काम आवडलं हे कबूल केलं पाहिजे. ट्रेनने ऑफिसला जाता-येता मी ते नियम वाचायचो. त्यात एक नियम चाकांचा होता. चाकाच्या मध्यातून उभी रेघ धरायची. तिच्या पुढे तीस अंश आणि मागे पन्नास अंश, एवढ्या भागात टायर झाकलेला हवा. मी पानाला लाल चिठ्ठी लावली आणि ऑगस्टच्या एका रविवारी फाइल घेऊन गॅरेजकडे गेलो.

शटर अर्धं वर होतं. आत दोघे पुढचं मडगार्ड घडवत होते. नेमोतो-सान लाकडाच्या साच्यावर पत्रा ठोकत होते आणि समीर तो दोन्ही हातांनी धरून हळूहळू फिरवत होता. तोंडातून शब्द नाही. म्हातारा हातोडी उचलायच्या आत समीरला कळायचं पत्रा किती फिरवायचा ते. मध्येच ठोके थांबले, नेमोतो-सानांनी गळ्यातला टॉवेल काढला आणि आपला नव्हे, समीरचा घाम पुसला. मानेवरचा, बाप पुसेल तसा. मी हाक मारली. "ठेव तिथे अभ्या, हात मोकळे नाहीत," समीर वळून न बघता म्हणाला. एक मडगार्ड तयार होऊन चाकावर बसवलेलं होतं. ते मागच्या बाजूला पस्तीस-चाळीस अंशांवर संपत होतं, हे मला उभ्या उभ्याच दिसलं. "कसं झालंय?" त्याने विचारलं. "छान झालंय," मी म्हणालो. फाइल बाकावर ठेवण्याआधी मी ती लाल चिठ्ठी काढली आणि खिशात घातली... हे विसरून झालं नाही. मी ते केलं.

ऑक्टोबरात तपासणी झाली. दुभाष्या म्हणून मी बरोबर होतो. तपासणारा एक तरुण, अत्यंत सभ्य माणूस. सगळी गाडी कौतुकाने बघून शेवटी चाकापाशी उकिडवा बसला, ओळंबा सोडला आणि कोनमापक लावला. मग उठून त्याने कमरेत वाकून माफी मागितली. "काय म्हणतोय?" समीरने विचारलं. मी शब्द न् शब्द सांगितला. मडगार्ड मागच्या बाजूला चार बोटं कमी पडत होतं. समीर आधी हसला. "चार बोटं! मॅथ्सला चार मार्कांनी उडायचो ते परवडलं." मग म्हणाला, "पण अभ्या, तुझ्या नजरेतून कसं सुटलं रे?"

"सुटलं," मी म्हणालो.

"सुटतं. एवढं काय तोंड पाडतोस." आणि माझ्याच खांद्यावर हात ठेवून तो गाडी परत न्यायला ट्रक बघायला गेला. नेमोतो-सान मला म्हणाले, देशपांडे-सानांच्या नजरेतून सुटलं म्हणजे नियमच वाईट लिहिलेला असणार. ते मनापासून म्हणाले होते.

मडगार्ड चाकाबरोबर वळणारं. ते लांबवलं की त्याचे आधारही बदलले, आधार बदलले म्हणून नकाशे आणि गणितं पुन्हा, कागद पुन्हा रांगेत. चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी सगळ्यात जास्त राबलो, आणि समीर गौरीला सांगायचा, "बघ, याला म्हणतात मित्र." फेब्रुवारीच्या शेवटी गाडीला नंबर मिळाला. बिनछपराची गाडी आणि हाडं गोठवणारी थंडी. एका शनिवारी खालून हॉर्न ऐकू आला. बाल्कनीतून बघितलं तर आईने पाठवलेली माकडटोपी घालून समीर बसलेला, शेजारपाजारचे लोक गाडीभोवती आणि तो सगळ्यांना त्याच्या वीस शब्दांत इंजिन समजावून सांगतोय. "चल रे, एक चक्कर!" मी म्हणालो, काम द्यायचंय उद्या. "दहा मिनिटं!" मी मान हलवली. सगळे लोक त्याच्याकडे बघत होते आणि मला त्यांच्यासमोर त्याच्या शेजारी बसायचं नव्हतं, यापलीकडे काही कारण नव्हतं. "बरं, ऊन पडू दे मग," तो ओरडला आणि गेला. मार्चच्या मध्याला पोटदुखीसाठी तो दवाखान्यात गेला आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान घेऊनच बाहेर आला. गाडी त्याला मिळाली ती एकवीस दिवस. मेमध्ये तो गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

हॉस्पिटलात मी रोज जायचो. रोज सांगायचं ठरवायचो. तो जाग्यावर उशीला टेकून म्हणायचा, "वाच काहीतरी, अभ्या. तुझा आवाज झोप आणतो." मी वाचायचो आणि तो झोपायचा.

गाडी गौरीच्या नावावर करायचे कागदही मीच केले. ते द्यायला गेलो त्या दिवशी तिला चिठ्ठीचं सांगितलं. ती चहा गाळत होती. गाळून झाल्यावरही गाळणं तसंच धरून उभी राहिली.

"म्हणजे गाडी ऑक्टोबरातच झाली असती."

"हो."

"ऑक्टोबरात त्याला निक्कोच्या डोंगरांत जायचं होतं. पानं लाल होतात तेव्हा. मला घेऊन." मग म्हणाली, "त्याला सांगितलंत हे?"

"नाही."

"रोज येत होतात की."

"हो."

"मग मला कशाला सांगताय? मी 'असू दे' म्हणावं म्हणून? मी नाही म्हणणार." चहा तिने दिला, पण स्वतः घेतला नाही. निघताना मी विचारलं, मराठी मंडळाच्या अंकासाठी समीरवर लिहायला सांगितलंय, लिहू का? "लिहा," ती म्हणाली. "पण तो कसा हसायचा, कसा सगळ्यांचा लाडका होता, असलं नुसतं गोड लिहू नका. ती लाल चिठ्ठीही लिहा."

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. मग एका शुक्रवारी तिचा फोन आला. "गाडी उभी राहून बिघडेल म्हणतात नेमोतो-सान. त्यांनी वयामुळे लायसन्स परत केलंय. माझं फक्त ऑटोमॅटिकचं. गिअरची गाडी चालवणारे तुम्हीच उरलात, काय करणार."

रविवारी गेलो. नेमोतो-सानांनी शटर वर केलं. गौरी आधीच येऊन शेजारच्या सीटवर बसली होती, ओढणी डोक्याला घट्ट बांधून. मी दार उघडून आत बसायला गेलो आणि बसताच येईना. समीर माझ्यापेक्षा वीतभर बुटका. सीट त्याच्या मापाने पुढे घेऊन चार बोल्टांनी जमिनीला पक्की केलेली. पुढेमागे सरकायची सोयच ठेवलेली नाही. गुडघे स्टिअरिंगला अडकले, पाठ वाकवावी लागली. या गाडीत मी कधी बसलोच नव्हतो, त्यामुळे हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. नेमोतो-सान पाना घेऊन आले, वाकून बोल्ट बघितले आणि म्हणाले, वीस मिनिटांचं काम आहे, देशपांडे-सान, किती मागे घेऊ?

मी गौरीकडे बघितलं. तिला जपानी माझ्याएवढं येत नाही, पण पाना कळत होता.

"नका सरकवू," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास झाला तर होऊ दे."

डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. प्रत्येक वळणाला स्टिअरिंग गुडघ्यावर घासत होतं. भातखाचरांच्या कडेने जाताना लोक थांबून हात करत होते आणि गौरी प्रत्येकाला उलट हात करत होती. तेवढ्या वाटेत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. दर रविवारी यायचं ठरलं आहे... ठरलं म्हणजे परत आल्यावर उतरताना तिने वेळ सांगितली. त्या सीटवर बसलं की कळतं, त्याला रस्ता किती जवळून दिसत असेल, हात कसे सैल राहत असतील, किती आरामात बसत असेल तो. माझी पाठ संध्याकाळपर्यंत दुखत राहते, आणि हेवा अजून वाटतो.